चार फूट घेर, दहा फूट लांबी

कुसगावात जुन्या रस्त्याला लागून अल्लाउद्दीनभाऊंची लाकडाची वखार आहे. डाव्या अंगाला एक हॉटेल झालं, उजव्या अंगाला दुसरं झालं, आणि मधे ही वखार बसली आहे, लग्नाच्या पंगतीत शेतावरच्या कपड्यांनीच येऊन बसलेल्या बाईसारखी. तिला कोणी ऊठ म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ती उठायची नाही. अल्लाउद्दीन यांना अख्खं गाव भाऊ म्हणतं, म्हणून घरातही ते भाऊच. मुलगा इर्शाद भाऊ म्हणतो, नात शहिस्ता भाऊ म्हणते. बायको रशिदा काहीच म्हणत नाही, नुसती बांगडी वाजवते, आणि ते येतात.

गोष्ट शहिस्ताची आहे. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती वखारीत टेपचं टोक धरते. ओंडका जमिनीवर पडलेला असला की त्याच्या पोटाखालून टेप पलीकडं सरकवायला लहान हात लागतो, मोठ्या माणसाची बोटं चेंगरतात. तो हात तिचा. ती घेर सांगायची, लांबी सांगायची, मग भाऊ डोळे मिटून आकडा सांगायचे आणि तो ती ओंडक्याच्या तोंडावर निळ्या खडूनं लिहायची. भाऊ चौथी शिकलेले. त्यांचा हिशेब असा, की घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं. आले घनफूट. चार फूट घेर असला तर चौथा हिस्सा एक फूट, एकाला एकानं गुणलं तर एकच, आणि लांबी दहा फूट असली तर दहा घनफूट. यात डोळे मिटण्यासारखं काही नाही, पण मिटले की गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

दहा वर्षांची झाली तेव्हा शहिस्ता भाऊंच्या आधीच आकडा सांगायला लागली. तेव्हापासून भाऊंनी डोळे मिटायचं सोडलं आणि तिच्याकडं बघायला लागले.

दहावी गावच्या मराठी शाळेत, बारावी लोणावळ्यात, आणि मग कामशेतच्या पलीकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग. सिव्हिल. इंजिनिअरिंग म्हणजे काय, तर ज्यांना पुढं घरं बांधायची आहेत त्यांना आधी चार वर्षं कागदावर बांधायला लावायची, पडली तरी कोणी खाली सापडत नाही म्हणून. इर्शाद म्हणाला, लाकडाच्या घरातली पोरगी सिमेंट शिकायला चालली. पण फॉर्म भरायला तोच गेला, आणि तीनदा चुकला म्हणून तीनदा गेला.

वखारीत आरा सुरू असला की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. शहिस्तानं ते आपल्या फायद्याचं करून घेतलं. आऱ्याच्या आवाजात कोणी चहा ठेव म्हणत नाही, पाणी भर म्हणत नाही. ती फळ्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, आणि वीज गेली, आरा थांबला की तिचा अभ्यास बिघडायचा. वहीच्या पानापानांत भुसा. कागद संपला की खडूनं फळ्यांवर गणितं सोडवायची. एकदा एक लांबलचक इंटिग्रेशन अख्ख्या तुळईवर चढलं आणि ती तुळई तशीच तुंगार्लीच्या एका बंगल्यात गेली. आता ते गणित तिथं छताला आहे. उत्तर बरोबर होतं की चूक, हे एकदा जाऊन बघायचं शहिस्ताच्या अजून मनात आहे.

तिची एक खोड मात्र कॉलेजात नडली. आकडा डोक्यात तयार व्हायचा आणि ती तो लिहून मोकळी व्हायची. मधल्या पायऱ्या नाहीत. वखारीत पायऱ्या कोणी विचारत नाही, कॉलेजात मात्र उत्तराला दोन मार्क आणि पायऱ्यांना आठ. एका सरांनी तर बरोबर उत्तरावर लाल काट मारून 'कोठून आले?' असं लिहिलं होतं. कोठून येणार, डोक्यातून आलं. त्यात पुस्तकं सगळी इंग्रजीत. एक वाक्य वाचायचं, त्याचं मराठी करायचं, मग ते समजायचं, तोवर बाकीची पोरं पान उलटून पुढं. असं करत करत दुसऱ्या वर्षात दोन विषय राहिले. आणखी एक राहिला की तिसऱ्या वर्षात पाऊल टाकायचं नाही, वर्षभर घरी बसायचं, असा तिथला नियम. घरी बसलेल्या पोरी परत कॉलेजात किती जातात ते गावाला ठाऊक होतं. त्याच आळीत दोघी होत्या, एक पतपेढीत चिकटली, दुसरी सासरी गेली. दोघींची पुस्तकं शहिस्ताच वापरत होती.

आता उरला होता बांधकामाच्या साहित्याचा विषय आणि त्याची तोंडी परीक्षा. पंचवीस मार्कांची, दहाला पास. दगड, वीट, चुना, लाकूड. शहिस्ता त्या दिवशी डबा खाऊन निवांत गेली. लाकूड म्हणजे तिचं घरच.

परीक्षक बाहेरून आलेले होते, काळे केलेले केस, खिशाला तीन पेनं. त्यांनी वीट विचारली, तिनं सांगितली. चुना विचारला, तो सांगितला. मग त्यांनी गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. लाकडाची वखार आहे म्हटल्यावर ते खुशीत येऊन खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, अरे वा, मग तुझ्या वखारीच्याच भाषेत विचारतो.

"चार फूट घेर, दहा फूट लांबी. गोल ओंडका. किती घनफूट?"

"दहा," शहिस्ता म्हणाली. त्यांचा 'किती' अजून पुरता तोंडाबाहेर आला नव्हता.

"कॅल्क्युलेटर घे."

"नको, सर. दहाच."

सरांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेतला, बटणं दाबली आणि तो तिच्याकडं फिरवला. बारा पूर्णांक त्र्याहत्तर. मागं नंबर लावून उभी असलेली पोरं हसली. सर म्हणाले, वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवीतल्या मुलाला येतं. शहिस्ता म्हणाली, आमच्याकडं हे दहाच धरतात, माझे आजोबा पन्नास वर्षं दहाच धरतात. इथपर्यंत गोष्ट हसण्यावारी जाण्यासारखी होती. पण सर म्हणाले,

"वखारीत चालत असतील असले अंदाज. लोकांना गंडवायला बरे पडतात."

शहिस्ताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं विचारलं, "सर, तुम्ही कधी लाकूड विकत घेतलंय का?" आणि ते जरा मोठ्यानं विचारलं गेलं. सरांनी कागदावर आकडा लिहिला. तिला तो समोरून उलटा दिसत होता, पण इंग्रजीतला आठ उलटा वाचला तरी आठच राहतो.

सिव्हिल विभागाच्या मुख्य मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाल्या, गैरहजर राहिलेल्या मुलांची तोंडी परीक्षा शनिवारी आहे, हेच परीक्षक येणार आहेत, मार्कांचा कागद तोवर माझ्याकडंच आहे. तू एक पत्र लिहून दे. दोनच ओळी. माझं उत्तर चूक होतं आणि मी सरांशी उद्धटपणे वागले. मी त्यांना विनंती करते, ते तुला परत विचारतील.

शहिस्ता म्हणाली, उद्धटपणाचं लिहिते. मॅडम म्हणाल्या, दोन्ही लिहावं लागेल. शहिस्ता म्हणाली, चूक होतं हे नाही लिहिणार. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि तिला सांगितलं की जगात दोन बरोबर उत्तरं नसतात, आणि वर्ष मात्र एकच असतं. शनिवारपर्यंत विचार कर.

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. ती मनात गुणाकार करत होती. बारा पूर्णांक त्र्याहत्तर हे खरंच होतं. वर्तुळ म्हटलं की ते खरं, त्यात तिला शंका नव्हती. मग भाऊंचं दहा कुठून आलं? लाल पेनाचा तो प्रश्न आता तिचा तिलाच पडला. आणि हे असं तिला पहिल्यांदाच झालं, की आकडा माहीत आहे आणि पायरी सापडत नाही.

घरी आल्यावर तिनं भाऊंना विचारलं, की चौथाच हिस्सा का? तिसरा का नाही, पाचवा का नाही? भाऊ म्हणाले, माझ्या बापानं चौथा सांगितला. त्यांना कोणी सांगितला? त्यांच्या मालकानं. इंजिनिअरिंगला नेमून दिलेल्या पुस्तकापेक्षा ही काही फार वेगळी गोष्ट नव्हती, तिथलं सूत्रही आधीच्या पुस्तकातूनच आलेलं.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत जमिनीवरच बसली आणि खडूनं वर्तुळ काढलं. चार फूट घेराचा ओंडका सोडवला. मग तीन फूट घेराचा, आठ फूट लांबीचा सोडवला. वखारीच्या मापानं साडेचार, वर्तुळाच्या मापानं पाच पूर्णांक त्र्याहत्तर. मग जाडा घेतला, बारका घेतला. दर वेळी एकच गोष्ट. पुस्तकातल्या मापाचे चौदा वाटे केले तर वखारीचं माप त्यातले अकरा. ओंडका जांभळाचा असो, आंब्याचा असो, हत्तीएवढा असो की दांडक्याएवढा, चौदातले तीन वाटे गायब. तिला आधी आनंद झाला, कारण हा अंदाज नव्हता, यात कायम एकच हिशेब होता. आणि मग भीती वाटली, कारण तीन वाटे खरंच गायब होते. सरांचा शब्द तिच्या कानात परत वाजला.

तिनं ते भाऊंना समजावून सांगितलं. झाडात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं, आपण दहा लिहितो. भाऊ ऐकत होते. शेजारी कोंडू उकिडवा बसून तंबाखू मळत होता. कोंडू नागफणी डोंगराच्या अंगाच्या वाडीवरचा. त्याच्या बांधावरचा आंबा वाऱ्यानं पडला होता, परवानगीचे सगळे कागद करून त्याचा ओंडका त्यानं वखारीत घातला होता, आणि दुसरा कधी आणू ते विचारायला आला होता. तीस वर्षं तो या वखारीत लाकूड घालतोय. त्याचा मळणारा अंगठा थांबला.

"म्हंजी पोरी," तो म्हणाला, "माजं पावणेतीन कुटं गेलं?"

कोंडूच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली शेळी विचारावी तसं त्यानं विचारलं. शहिस्तानं भाऊंकडं पाहिलं. ते जराही विचारात न पडता म्हणाले, सालपटं. गोल ओंडका चौकोनी करायचा म्हटलं की चारी अंगांनी साल धरून फळ्या उतरतात, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं गोल. त्या कोणाच्या? ज्यानं झाड आणलं त्याच्या. वखारीत पहिल्यापासूनची रीत. माप चौकोनाचं धरायचं, आणि कडेचं ज्याचं त्याला परत द्यायचं. कोंडूचा गोठा त्या सालपटांचाच तर आहे.

हे ऐकून शहिस्ताचा जीव भांड्यात पडला. पण कोंडू खाली बघत राहिला.

"दोन वर्सं झाली, भाऊ, सालपटं न्हाई मिळाली. मला वाटलं रीत मोडली."

भाऊंनी इर्शादकडं पाहिलं. भाऊ पुढं गिऱ्हाइकाजवळ बसतात, आरा मागं आहे, आऱ्यावरून काय कुठं जातं ते आता गुडघ्यांमुळं त्यांना बघायला होत नाही. आरा बंद होता आणि इर्शाद तिथंच उभा होता. त्याचं म्हणणं असं होतं, की हॉटेलवाल्यांना शेकोटीला लाकूड लागतं, शनिवारी-रविवारी पाहुणे विस्तवाभोवती बसून गाणी म्हणतात, त्यांना सालपट चांगलं, लवकर पेटतं. ती गाडी येते आणि भरून नेते. एवढ्यातेवढ्याचं कोण विचारतंय? आणि कोंडूमामानं तरी कुठं मागितलं?

"मागायचं व्हय?" कोंडू म्हणाला. "माजंच व्हतं ना?"

भाऊंनी कमरेची टेप काढली आणि ओंडक्यावर ठेवली. दारात एक टेम्पो माल मापून घ्यायला उभा होता. ड्रायव्हरनं विचारलं, भाऊ, घेता ना माप? भाऊ म्हणाले, आज न्हाई. इर्शाद म्हणाला, भाऊ, गिऱ्हाईक उभं आहे. भाऊ म्हणाले, असू दे उभं. "सालपटं बाहेर जात असतील तर माजं दहा खोटं हाय. मी खोटं मापत न्हाई."

आता परीक्षेची गोष्ट शहिस्तानं घरात अर्धीच सांगितली होती. आठ मार्क पडले, शनिवारी परत बोलावलंय, एवढंच. गंडवायचं बोलणं तिनं पोटातच ठेवलं होतं. पन्नास वर्षं माप घेतलेल्या माणसाला ते कसं सांगायचं? पण ती बापासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं सांगितलं.

"अब्बा, सर म्हणाले, ही मापं लोकांना गंडवायला बरी. मी त्यांच्याशी भांडून आले. शनिवारी परत जाऊन दहाच म्हणणार आहे. पण सालपटं हॉटेलात जात असतील तर सर बरोबर आहेत, आणि मग मला माफी लिहून द्यावी लागेल. सांगा, काय लिहू?"

इर्शाद काही भांडकुदळ माणूस नाही. चुकला की मान खाजवतो. त्यानं बराच वेळ मान खाजवली. शेवटी म्हणाला, हॉटेलवाल्याला काय सांगू? भाऊ म्हणाले, सांग, झाडवाल्याची हायेत. पेटवायला दुसरं बघा म्हनावं. आणि मागच्या दोन वर्सांचं? तेही तूच सांग कोंडूला, कसं फेडनार ते. इर्शादनं कोंडूला सांगितलं की यंदा गोठ्याची मागची भिंत तो स्वतः येऊन ठोकून देईल. कोंडू म्हणाला, "भिंत न्हाई, छप्पर. भिंत हाय."

मग शहिस्तानं ठरवलं, की नुसतं म्हणायचं नाही, मोजायचं. कोंडूच्या आंब्याचा घेर मधोमध चार फूट भरला. लांबी अकरा फूट होती, इर्शादनं एक फूट कापून दहा केली. कोंडू म्हणाला, तो एक फूट माजा, आणि पहिल्यांदा त्याच्यावरच ठाण मांडून बसला. आरा सुरू झाला. शहिस्ता एकेक फळी मोजत गेली, जाडी, रुंदी, लांबी, आणि या वेळी सगळ्या पायऱ्या लिहीत गेली. फळ्या भरल्या आठ घनफूट.

सालपटांची गोष्ट अवघड होती. एक अंग सपाट, एक गोल, गाठी, खड्डे. त्याला कुठलं सूत्र लावणार? शहिस्ता थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं घरामागच्या कपडे धुवायच्या हौदाला टेप लावली. चार फूट बाय तीन फूट. म्हणजे पाणी एक इंच चढलं की एक घनफूट. तिनं सालपटांचे तुकडे करायला लावले. ओलं असलं तरी आंब्याचं लाकूड तरंगतं, म्हणून कोंडू हौदात उतरला आणि सगळी सालपटं पायाखाली दाबून उभा राहिला. मग लक्षात आलं की कोंडूच्या पायांनीसुद्धा पाणी चढतंय. त्याला बाहेर काढलं आणि वर दगड ठेवला. मग दगडानंही चढतंय. शेवटी आधी नुसता दगड बुडवून खूण केली, मग दगड आणि सालपटं. तेवढ्यात रशिदा बादली घेऊन आली. हौदात साल, भुसा आणि तंबाखूचा वास. ती भाऊंना बांगडीनं बोलावते, पण त्या दिवशी तोंडानं बोलली, आणि जे बोलली त्यात शहिस्ताच्या कॉलेजचाही उद्धार झाला.

पाणी अडीच इंचांच्या थोडं वर चढलं. अडीच आणि थोडं कोंडूचं. आठ फळ्यांचं. पात्याची जाडी धरून चिरा मोजल्या तर भुसा दोनेक घनफूट, तो वखारीच्या माथी, आणि शहिस्ताच्या वह्यांत. बेरीज केली तर पावणेतेराच्या जवळ येत होती. थोडा फरक राहिला, तो तिनं तसाच लिहिला, दडवला नाही.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, आऱ्याच्या आवाजात बसून तिनं कागद केला. पहिल्या ओळीत लिहिलं, मी आवाज चढवला, त्याबद्दल माफी मागते. खाली सगळी मापं. सगळ्यांत खाली 'समक्ष हजर' असं लिहून भाऊंची सही घेतली, चौथीच्या अक्षरातली, आणि कोंडूचा अंगठा. वखारीच्या शिक्क्याची शाई जांभळी होती, अंगठा छान उमटला. कोंडूनं विचारलं, हे कुटं लावनार? कॉलेजात, असं सांगितल्यावर त्यानं अंगठा परत एकदा जोरात दाबून दिला. म्हणाला, लय साळा झाली माजी आज.

शनिवारी मॅडमनी तो कागद वाचला. वरून खाली, खालून वर. मग विचारलं, उत्तर चूक होतं, ही ओळ कुठं आहे?

"ती नाही लिहिली, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, मी तुला सांगितलं होतं, वर्षाचा प्रश्न आहे. शहिस्ता म्हणाली, माहीत आहे. वर्ष गेलं तर मी वखारीत बसेन, टेप धरीन, आणि पुढच्या वर्षी परत येऊन हेच सांगेन. ती हे शांतपणे म्हणाली. मॅडमनी कागद घेतला आणि स्वतः आत नेऊन दिला.

परीक्षकांनी तो वाचायला बराच वेळ घेतला. अंगठ्यापाशी येऊन थांबले.

"हा कोणाचा?"

"ज्यांचं झाड होतं, त्यांचा."

त्यांनी तीन पेनांपैकी एक काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, ठीक आहे, मापं कळली, पण परीक्षेत एकच उत्तर द्यायचं असतं. मग उत्तर काय?

"तुम्ही कुठलं विचारलंत त्यावर आहे, सर. झाडात पावणेतेरा. वखारीत दहा. घरात आठ."

"मी कुठलं विचारलं होतं?"

"तुम्ही म्हणाला होतात, तुझ्या वखारीच्या भाषेत विचारतो."

सरांनी खिडकीकडं पाहिलं. बहुतेक तो दिवस त्यांना आठवला असावा. मग त्यांनी फळ्याकडं बोट केलं आणि सांगितलं, चौदातले अकरा वाटे कसे येतात ते दाखव, एकही पायरी गाळायची नाही. शहिस्ता उठली. तिथं पांढरा खडू होता, निळा नव्हता, तरी हात बसला. घेर मांडला, त्रिज्या काढली, वर्तुळ मांडलं, चौथा हिस्सा मांडला, एकाखाली एक. अर्धा फळा भरला. मागं नंबर लावून उभी असलेली पोरं आज हसत नव्हती, दोघं तर वहीत उतरवून घेत होते.

सरांनी शेवटची ओळ वाचून झाल्यावर मार्कांचा कागद घेतला, आठावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा आकडा लिहून सही केली. म्हणाले, "पायऱ्या बरोबर आहेत. उद्धटपणाचे कापलेत."

"उद्धटपणाची माफी लिहिली आहे, सर. पहिल्या ओळीत."

"म्हणून एवढेच कापलेत," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

शहिस्ता कुसगावात एसटीतून उतरली तेव्हा वखारीच्या दारात हॉटेलची गाडी उभी होती आणि इर्शाद मान खाजवत त्या माणसाला काहीतरी समजावत होता. गाडी रिकामी होती. भाऊ ओंडक्यावर बसले होते, टेप परत कमरेला. त्यांनी पास का नापास असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "किती?"

"दहा."

भाऊंनी डोळे मिटले, पूर्वी गिऱ्हाइकासमोर मिटायचे तसे. "मग एवढं भांडलीस कशापायी? दहाच तर सांगत व्हतो आपन."

राहिलेले दोन विषय तिला पुढच्या परीक्षेत सोडवायचेच आहेत, त्यांचं काही दहावर भागणार नाही. पण तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आली आहेत आणि त्यांत भुसा जायला सुरुवातही झाली आहे. वखारीत एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली. ओंडक्याच्या तोंडावर ती आता दोन आकडे लिहिते, वर झाडाचा, खाली वखारीचा, आणि झाड आणणारा उभा असला तर त्याला दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवते. भाऊ कुरकुरतात. म्हणतात, एक आकडा वाचायला मानसं चष्मा लावत न्हाईत, हिचं आपलं दोन. पण टेपचं टोक ती मागते तेव्हा ते दुसरं टोक धरतात, आणि ती सांगेपर्यंत थांबतात.